मदत हवी आहे : जुन्या नकाशातल्या खाणी आजच्या जागेवर बसत नाहीत

नमस्कार मंडळी. मी कोलोरॅडोत राहते. बर्फ वितळलं की जुलैत सिल्व्हर्टनहून अ‍ॅनिमस फोर्क्सला जायचंय. ११,२०० फुटांवरचं ओसाड खाणगाव. १९०४ मध्ये तिथवर छोटी नॅरोगेज रेल्वे पोचली होती, तिचा माग मला पायी काढायचाय.

यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या) टोपोव्ह्यू या संकेतस्थळावरून जुने टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारे नकाशे, फुकट उतरवले. काय देखणं काम आहे! अर्धा काळा चौकोन म्हणजे खाणीची उभी विहीर, वाय आकाराची खूण म्हणजे बोगद्याचं तोंड, फुली म्हणजे नुसता चाचपणीचा खड्डा. तासन्‌तास बघत बसते.

अडचण अशी, की क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत शीट उपग्रहचित्रावर ठेवलं की नदी जुळते, पण खाणींची तोंडं बाजूला सरकतात. एनएडी २७ डेटम (नकाशावरचे अक्षांश-रेखांश ज्यावरून मोजतात तो १९२७ चा उत्तर अमेरिकी संदर्भ) निवडल्यावर थोडं सुधारलं. पण काही शीट १९२७ च्याही आधीचे आहेत. त्यांना कुठला डेटम द्यायचा? की शिखरं आणि ओढ्यांचे संगम धरून हातानेच जुळवायचं? किती बिंदू घ्यावेत?

खाणीत अजिबात शिरणार नाही. कुजलेली लाकडं, कोंडलेली हवा. पण वरून चालतानाही एखाद्या झाकल्या गेलेल्या विहिरीवर पाय पडू नये, माझे बाबाही सोबत आहेत. कोणी असं काम केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.