सोसायटीच्या ग्रुपवर ‘आजची पिढी उधळी’

जोशी काका, ए-२०४: फॉरवर्ड आहे. “आम्ही एक पँट तीन दिवाळ्या घालायचो. आजची मुलं पाचशेची कॉफी पितात, फाटकी जीन्स विकत घेतात आणि महिनाअखेर बापाकडे हात पसरतात.” पटलं म्हणून टाकलं.

सेक्रेटरी: काका, हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि मेंटेनन्ससाठी आहे.

निखिल, बी-५०३: राहू द्या साहेब, रविवार आहे. काका, कॉफीचा हिशेब करूनच टाकू. आठवड्याला दोन, म्हणजे महिन्याला चार हजार, वर्षाला ४८ हजार. आता पुण्यात ६० लाखांचा फ्लॅट धरा. या किमतीला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते, म्हणजे १२ लाख खिशातून. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, ४ लाख २० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. कर्जात हे दोन्ही धरत नाहीत. झाले साडेसोळा लाख. कॉफी सोडून एवढे जमायला ३४ वर्षं लागतील. व्याज धरलं नाहीये हे कबूल, पण तोवर फ्लॅटची किंमतही ६० लाखांवर थांबणार नाही.

शैला मावशी, बी-१०२: बाईच्या नावावर घेतलास तर स्टॅम्प ड्युटी १ टक्का कमी पडते हो.

कुलकर्णी, निवृत्त बँक अधिकारी, सी-३०१: कॉफीचं सोडा. या वयातल्यांचे पैसे खरे जातात क्रेडिट कार्डात. बिल आलं ४० हजार. ॲपमध्ये ‘मिनिमम ड्यू’ दिसतं २ हजार. ते भरलं की लेट फी लागत नाही, म्हणून वाटतं सुटलो. उरलेल्या ३८ हजारांवर दरमहा साडेतीन टक्के धरा, १,३३० व्याज. त्यावर १८ टक्के जीएसटी, २३९. एकूण १,५६९. पुढच्या महिन्यात परत २ हजार भरले तर मुद्दलातून जेमतेम ४३० उतरतात. वर्षाचा दर ४२ टक्के पडतो, सावकारही लाजेल.

आणि मुख्य गोम वेगळीच आहे. बिल पूर्ण भरलं नाही की खरेदीनंतर कार्डावर मिळणारी बिनव्याजी मुदतच जाते. मग नवीन खरेदीवर, अगदी दुधाच्या पिशवीवरसुद्धा, त्याच दिवसापासून व्याज सुरू. म्हणून ऑटो-पे लावताना ‘टोटल अमाउंट ड्यू’ निवडायचं. बरेच जण घाईत ‘मिनिमम’वर टिक करतात आणि निर्धास्त राहतात.

निखिल: आणि नो-कॉस्ट ईएमआय? त्यात तर व्याज नसतं ना?

कुलकर्णी: असतं. दुकानदार तेवढी सूट आधी देतो आणि बँक तेवढंच व्याज लावते. ६० हजारांचा फोन, सहा हप्ते दहा-दहा हजारांचे, दर १६ टक्के धरला तर व्याज होतं साधारण २,७००. ते दुकानदाराच्या सवलतीत वळतं होतं. पण त्या व्याजावरचा जीएसटी ४८७ तुझा, आणि १९९ची प्रोसेसिंग फी जीएसटीसकट २३५. सातशेवीस रुपये गेले. शिवाय एकरकमी पैसे देणाऱ्याला कार्डावर जी झटपट सवलत मिळते ती पुष्कळदा हुकते. फार मोठी रक्कम नाही, पण ‘नो-कॉस्ट’ही नाही.

जोशी काका: म्हणजे आमचं बरोबर. आम्ही आधी साठवायचो, मग घ्यायचो. पीपीएफ, एलआयसी, सोनं. ही मुलं पीपीएफचं खातंसुद्धा उघडत नाहीत.

सायली, सीए, ए-६०१: काका, त्याला कारण आहे. पूर्वी मार्च आला की ८०सी कलमाच्या करसवलतीसाठी पीपीएफ आणि पॉलिसीत पैसे जायचे. बचतीची सवय कमी, कराची भीती जास्त. २०२३-२४ पासून नवीन करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत ८०सी नाही. २०२५-२६ पासून पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य आहे. मग सक्ती उरली नाही. पीपीएफ अजूनही वाईट नाही, ७.१ टक्के आणि व्याज करमुक्त, फक्त पैसे ५ तारखेच्या आत टाका. ६ तारखेला टाकले तर त्या महिन्याचं व्याज बुडतं.

पॉलिसीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. वर्षाला ५० हजार, वीस वर्षं. शेवटी १८ लाख मिळतात, दहाचे अठरा झाले म्हणून घरात पेढे. दर काढला तर सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. तेवढेच पैसे ७.१ टक्क्यांनी वाढले असते तर २२ लाखांच्या वर गेले असते. चार लाख कॉफीत गेले नाहीत म्हणून कुणाला दिसले नाहीत, एवढंच.

शैला मावशी: आणि सोनं?

सायली: गुंतवणूक म्हणून दागिना नको. एक लाखाचं सोनं, घडणावळ १२ टक्के, वर ३ टक्के जीएसटी, बिल १,१५,३६०. मोडायला गेलात की घडणावळ आणि कर दोन्ही वजा. म्हणजे भाव पंधरा टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यात. अंगावर घालायला घेताय तर जरूर घ्या, हॉलमार्कचा सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांक बघून. नुसतं साठवायचं असेल तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखं विकत घेता येणारं कागदी सोनं.

निखिल: 😄 म्हणजे आम्ही शहाणे.

सायली: थांब. एफ अँड ओ, म्हणजे शेअर बाजारातले फ्युचर्स-ऑप्शन्स, कोण खेळतं? २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचाच अभ्यास आहे. एकूण ट्रेडरांत तिशीखालच्यांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला. दुसरं, नोकरी बदलली की पीएफ काढून घ्यायची सवय. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर तो करपात्र होतो आणि ८.२५ टक्क्यांचं चक्रवाढ तुटतं. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच ठेवून ट्रान्सफर करायचा. दहा हजारांचे बूट घेणाऱ्याचं फार बिघडत नाही, तीन नोकऱ्यांत तीनदा पीएफ मोडणाऱ्याचं बिघडतं.

जोशी काका: बूट दहा हजारांचे? ते तरी उधळपट्टीच ना?

कदम वहिनी, कपड्यांचं दुकान, सी-१०४: किती वेळा घातले त्यावर आहे, काका. ‘चांगले म्हणून’ डब्यात ठेवणं हीच खरी उधळपट्टी. पॉलियुरेथेनचा सोल असला तर आपल्याकडच्या दमट हवेत तो न वापरताच कुजतो. रसायनात पाणी मुरतं, सोल चिकट होतो, मग लग्नाच्या दिवशी पायातच भुगा. महिन्यातून दोनदा तरी घाला, खोक्यात कोंडू नका. रबर आणि ईव्हीए सोलला हा रोग नाही.

मुलांचे ढगळे टी-शर्ट मात्र मी बघून घ्यायला सांगते. २२० ते २४० जीएसएमचं (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कापड असेल तर टिकतं, पण पावसाळ्यात वाळत नाही, दुर्गंधी येते. ऐन मे महिन्यात १८० पुरे. दुकानात बाजूच्या दोन्ही शिवणी एकमेकींवर ठेवून शर्टाची घडी घाला. शिवण सरळ खाली उतरली नाही तर पहिल्याच धुण्यात पोटावर फिरते, मग इस्त्रीनेही जागेवर येत नाही. जीन्स ताणली जाणारी असेल तर तीत साधारण दोन टक्के इलॅस्टेन, म्हणजे लवचिक धागा, असतो. गरम पाण्यात टाकली की तो मरतो आणि गुडघ्याला फुगे येतात. थंड पाणी, उलटी करून, सावलीत.

आणि मावशी, पैठणीची घडी चार महिन्यांनी बदला. एकाच घडीवर जरीचे धागे आधी तुटतात. डांबरगोळी जरीला लावू नका, मलमलमध्ये बांधून कपाटाच्या कोपऱ्यात.

जोशी काका: सायली, तू म्हणालीस तसलीच पॉलिसी माझी आहे. सात हप्ते भरलेत, तेरा बाकी. आता मोडू काय?

सायली: लगेच मोडू नका काका. शाखेत जाऊन तीन आकडे लेखी मागा. आज सरेंडर केली तर किती, पेड-अप करून हप्ते थांबवले तर मुदतीला किती, आणि चालू ठेवली तर किती. बोनस जमा धरूनच मागा. मग आजची सरेंडरची रक्कम आणि उरलेले तेरा हप्ते यांवर दर काढायचा, भरलेल्या सातांवर नाही, ते गेलेच. बऱ्याचदा उरलेल्या हप्त्यांचा दर बरा निघतो आणि चालू ठेवणंच परवडतं. ते आकडे इथे टाका, मी एक्सेलमध्ये लावून देते.