सीईटीचे ९५ आणि जेईईचे ९५ पर्सेंटाइल सारखे कसे मानायचे?

पालक, जुळे सोलापूर
अभियांत्रिकीच्या सर्व जागा देशपातळीवरील जेईई मेन या प्रवेश परीक्षेवरच भराव्यात, कारण राज्याची सीईटी ही निव्वळ घोकंपट्टीची परीक्षा आहे, असे काल येथे एका पालकांनी लिहिले. ते वाचून गप्प बसवले नाही. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे असतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि अकरावीचा भार सुमारे २० टक्केच असतो. राज्य मंडळाचा बारावीचा अभ्यास मन लावून करणाऱ्या मुलाला न्याय मिळावा, अशीच ही रचना आहे. मग राज्याच्या जागांवर तिला अग्रक्रम असण्यात गैर काय?

पालक, विजापूर रस्ता
ते मीच लिहिले होते आणि त्यावर ठाम आहे. माझ्या मुलीने अकरावी-बारावीचा संपूर्ण अभ्यासक्रम केला, चुकीच्या उत्तराला गुण कापणारी परीक्षा दिली आणि चांगले पर्सेंटाइल (शंभरातली किती मुले मागे राहिली, तो आकडा) मिळवले. सीईटीच्या दिवशी तिला ताप होता. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, राज्याच्या जागांसाठी आधी सीईटीची यादी संपते, उरलेल्या जागांवर जेईईचा विचार होतो. अखिल भारतीय जागांवर जेईईला अग्रक्रम आहे, पण त्या मोजक्याच. दोन वर्षांच्या मेहनतीला उरलेसुरले मिळावे, याला न्याय म्हणता?

अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अशोक चौक
काका, तापाचे दुःख समजते, पण जेईई जानेवारी आणि एप्रिल अशी दोनदा होते व चांगला गुण धरला जातो, हेही सांगा. शिवाय पर्सेंटाइल त्या-त्या परीक्षेला बसलेल्यांमध्येच मोजले जाते. दोन्ही परीक्षांना बसणारी मुले वेगळी, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवताच येत नाही. निकालात दशांश चिन्हापुढे सात आकडे छापले, म्हणून मोजमाप तेवढे अचूक होत नाही. २०२५ मध्ये सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि त्या मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली, हे सीईटीच्या समर्थकांनीही विसरू नये.

निवृत्त प्राध्यापिका, होटगी रस्ता
आपण सारे बारावीला विसरलात. २०१४ आणि २०१५ मध्ये प्रवेशासाठी जेईई मेन आणि बारावीचे गुण निम्मे-निम्मे धरले जात. २०१६ पासून पुन्हा सीईटी आली. आता बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते, खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीवला ४०. परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. प्रयोगशाळेत ब्युरेट स्वच्छ धुऊन ठेवलेले असत आणि टायट्रेशनच्या प्रयोगाला चार मुले येत; बाकीची क्लासमध्ये, हजेरी मात्र पूर्ण! खासगी क्लासशी संधान बांधलेल्या या ‘टाय-अप’ महाविद्यालयांबद्दल एकही पालक बोलत नाही, कारण पैसे भरणारे तेच आहेत.

पालक, विजापूर रस्ता
मॅडम, पालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. वर्गात शिकवले गेले असते, तर आम्ही मुलीला क्लाससाठी लातूरला ठेवले असते का?

निवृत्त प्राध्यापिका, होटगी रस्ता
आम्ही शिकवत होतो, समोर मुले नव्हती. न पाहता असे आरोप करू नयेत.

विद्यार्थिनी, विडी घरकुल
ज्यांना लातूर परवडते, त्यांच्याच गाऱ्हाण्यांवर ही चर्चा चालली आहे. माझी आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर असतात. मी टाय-अप नसलेल्या महाविद्यालयात शिकले, प्रात्यक्षिके केली आणि राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांवर सीईटी दिली. त्याच गुणांवर सोलापुरातच प्रवेश मिळाला. सगळ्या जागा जेईईवर गेल्या असत्या, तर क्लासविना माझा नंबर लागला नसता. मॅडम, बारावीला वजन द्यावे हे मला पटते, परंतु बारावीच्या तीस गुणांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत सढळ हाताने गुण वाटले जातात, त्याचे काय करायचे?

निवृत्त प्राध्यापिका, होटगी रस्ता
प्रात्यक्षिकांचे म्हणणे नाइलाजाने मान्य करते. तेवढ्यासाठी बाहेरून येणारा परीक्षक खरोखर तटस्थ हवा, नाहीतर लेखी परीक्षेचेच गुण धरावेत.

पालक, विजापूर रस्ता
या मुलीपुढे माझा हट्ट थोडा सोडतो. राज्याच्या जागांवर सीईटी आधी राहू द्या. मात्र २०२६ पासून जेईईप्रमाणे तीही दोनदा घेऊन चांगला गुण धरायचे ठरले, ते कायम राहावे, ही मागणी मी सोडणार नाही.

पालक, जुळे सोलापूर
एवढ्यापुरते आपले एकमत आहे. ‘घोकंपट्टी’ हा शब्द मात्र मागे घ्या.