नऊ टनांचे सात बेड ह्यूस्टनला: कंटेनर तीन घ्यावेत की चार?

प्रश्न (तळोजा)
आमच्या कारखान्यात तयार झालेले मशीनचे सात पोलादी बेड न्हावा शेव्याहून ह्यूस्टनला पाठवायचे आहेत. प्रत्येकाचे वजन ९ टन असून तळाचा टेकू जेमतेम दीड मीटर लांब आहे. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे २८ टन माल चालतो, म्हणून ३, २ आणि २ अशी विभागणी करून तीन कंटेनरांत भागवावे, असा विचार आहे. एलसीमध्ये (खरेदीदाराच्या बँकेने पैसे देण्याबाबत दिलेल्या हमीपत्रात) पार्ट शिपमेंटला, म्हणजे माल तुकड्यातुकड्याने पाठवायला, मनाई आहे. यात काही चुकते आहे का?

उत्तर (भांडुप)
बंदरापर्यंत आपला हिशेब बरोबर आहे. मात्र अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर विशेष परवाना नसेल तर ट्रॅक्टर (पुढचा ओढणारा ट्रक), चासी (मागची चाकांची चौकट), कंटेनर आणि माल मिळून ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६.३ टन, एवढीच मर्यादा आहे, आणि २७ टन मालाचा कंटेनर ती सहज ओलांडेल. चौथ्या कंटेनरचे भाडे जड वाटले तरी घ्यावे. तीन कंटेनरांत दोन-दोन बेड भरावेत; चौथ्यात उरलेल्या एका बेडबरोबर नट-बोल्टच्या पेट्या जातील.

उत्तर (डोंबिवली)
विभागणीआधी कंटेनरची फरशी पाहावी. वीस फुटीला लांबीच्या दर मीटरला साधारण साडेचार टन भार चालतो आणि आपला बेड दीड मीटरवर नऊ टन, म्हणजे दर मीटरला सहा टन टाकतो. त्यामुळे खाली किमान दोन, शक्यतो अडीच मीटर लांबीचे दणकट लाकडी ओंडके लांबीच्या दिशेनेच घालावेत; आडवे घातल्यास भार पसरत नाही. लाकडावर आयएसपीएम-१५चा (लाकूड कीडमुक्त केल्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का हवा. शिवाय ९ टनांचा बेड उचललेला फोर्कलिफ्ट आत नेणे फरशीला झेपणार नाही, तेव्हा ओपन टॉप (छताऐवजी ताडपत्री असलेले) कंटेनर मागवून शेडमधल्या क्रेननेच वरून भरणे उत्तम.

उत्तर (फोर्ट)
एलसीबद्दल एवढेच, की यूसीपी ६००च्या (एलसीसाठी बँका पाळतात त्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या) कलम ३१ प्रमाणे एकाच जहाजाने, एकाच फेरीत, एकाच ठिकाणी गेलेला माल वेगवेगळ्या बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या माल मिळाल्याच्या पावतीवर) असला तरी पार्ट शिपमेंट ठरत नाही. पण व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले एकूण वजन) उशिरा दिल्यामुळे आमच्या पाचपैकी एक कंटेनर पुढच्या जहाजावर गेला आणि बँकेने कागदपत्रे अडवून धरली. चारही कंटेनरांचे व्हीजीएम कटऑफच्या (ते देण्याच्या शेवटच्या मुदतीच्या) आदल्या दिवशीच भरून टाकावे.

प्रश्नकर्ता
चार ओपन टॉपचे दर आजच मागवतो. ताडपत्रीखालून पाणी शिरले तर यंत्रण केलेले पृष्ठभाग गंजतील, म्हणून त्यांना व्हीसीआय (गंजरोधक) फिल्म गुंडाळणार आहोत.