हलक्या पॅराग्लायडरच्या दोऱ्यांची तपासणी : मदत हवी आहे

नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि पाचगणीहून लांब पल्ल्याच्या उड्डाणांसाठी हलका पॅराग्लायडर वापरतो. त्याच्या दोऱ्यांवर आवरण नसल्याने उतरताना वाळल्या गवताची कुसळे त्यांत रुततात आणि ती एकेक करून हाताने काढावी लागतात. अलीकडे पंख फुगवताना तो सरळ डोक्यावर न येता मागेच रेंगाळतो. डायनिमाच्या (एका मजबूत कृत्रिम धाग्याच्या) दोऱ्या, विशेषतः कमी भार पेलणाऱ्या मागच्या ओळींतील, कालांतराने आखडतात. त्यामुळे माझा संशय त्यांच्यावरच आहे. सातारा, सांगली किंवा पुण्याकडे दोऱ्यांची लांबी लेसरने मोजून ट्रिम (म्हणजे पुढच्या-मागच्या दोऱ्यांच्या लांबीचा मेळ) जुळवून देणारे आणि कापडातून हवा किती झिरपते तेही तपासणारे कोणी खात्रीचे आहे का? दोऱ्यांच्या मूळ लांबीचा उत्पादकाचा तक्ता माझ्याकडे आहे. तपासणी होईपर्यंत मी उड्डाण करणार नाही, म्हणून जाणकारांनी कृपया लवकर कळवावे.