पोराने काडतुसं भरायचा प्रेस घेतलाय, सुरुवातीला कुठलं मॅन्युअल द्यावं?

सातपूरकर_टूलरूम
नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, आता रिटायर. मुलगा टेक्सासला असतो, तिथे रेंजवर जायचा नाद लागलाय आणि आता साहेबांनी गॅरेजमध्ये प्रेस बसवलाय, वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून त्यात परत प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी), पावडर, गोळी भरायची. नाइन एमएम आणि थर्टी एट स्पेशल, या दोनच मापांची. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं तिकडे चाललोय तर म्हटलं वाढदिवसाला चांगलं पुस्तक घेऊन देऊ. शेजारच्या आजोबांनी त्याला १९७० च्या आसपासचं एक मॅन्युअल दिलंय, तो म्हणतो बाबा एवढं पुरे, बाकी यूट्यूबवर आहे. त्याची आई म्हणते मशीनच विकून टाक. डाय, प्रेस मला कळतं, बारुदीतलं शून्य. कुणाला अनुभव?

ह्यूस्टनची_नाशिककर
काका, मी पंचवटीतली, इकडे सहा वर्षं स्वतःची काडतुसं भरतेय. एक पुस्तक नको, दोन घ्या. पहिलं लायमनचं, सगळ्यात ताजं एडिशन. ते एकाच कंपनीच्या गोळ्यांना धरून नाही, वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्यांचा डेटा आहे, शिशाच्या ओतीव गोळ्यांचाही. दुसरं तो ज्या कंपनीच्या गोळ्या विकत घेणार तिचं. हॉर्नडीच्या घेत असेल तर हॉर्नडीचं, स्पीअरच्या तर स्पीअरचं. आधी त्याला विचारा कुठल्या घेतल्यात, मग ऑर्डर करा, उलटं नको, मी उलटं केलं होतं आणि पहिलं पुस्तक वर्षभर नुसतं धूळ खात पडलं. शिवाय पावडर विकणाऱ्या हॉजडन कंपनीचा डेटा त्यांच्या साइटवर फुकट आहे, तो तिसरा ताळा.

आणि आकड्यांना हात लावण्याआधी पुढची प्रकरणं वाचायला लावा प्लीज!! सगळे थेट मागच्या तक्त्यांवर उडी मारतात. तक्त्यात सुरुवातीचा आणि कमाल असे दोन आकडे असतात, सुरुवात खालच्या आकड्यापासूनच करायची. नुसता कमालच दिला असेल तर त्याच्या दहा टक्के खालून.

देवळाली_तोपखाना
आजोबांचं पुस्तक फेकू नका पण त्यातले आकडे वापरू देऊ नका. तेव्हा प्रेशर तांब्याचा छोटा तुकडा किती चेपला जातो त्यावरून मोजायचे, आता पिएझो सेन्सर असतो, त्यामुळे पूर्वी न दिसणारी प्रेशरची टोकं आता दिसतात. पावडरीही बदलत गेल्या. प्रेस कसा चालवायचा, पुंगळीला तडा कसा ओळखायचा वगैरे वाचायला मात्र जुनं पुस्तक झकास.

तुम्ही टूलरूमचे म्हणून सांगतो, नाइन एमएममध्ये काडतुसाची एकूण लांबी कॅलिपरने मोजायची सवय लावा. गोळी थोडी जास्त खोल बसली की आतली जागा कमी होते आणि प्रेशर भसकन वाढतं. म्हणून तक्त्यात पावडरीच्या वजनाशेजारी लांबी छापलेली असते, लोक ती वाचतच नाहीत. थर्टी एटची पुंगळी मोठी आणि पावडर तळाशी चिमूटभर, चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही. गोळी बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून टॉर्च मारून आत बघायचं. यूट्यूब लावून भरायला बसणं म्हणजे बोलावून घेतलेलं संकट.

सराफबाजार
अवांतर आहे पण राहवत नाही. त्या पुस्तकांत सगळं वजन ग्रेनमध्ये असतं. आपला तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन, इंग्रजांनी तसाच ठरवला होता. म्हणजे एक ग्रेन ६४.८ मिलिग्रॅम, गुंजेच्या अर्ध्याहून थोडं जास्त. काट्यावर ग्रेन आणि ग्रॅम दोन्ही असतात, बटण चुकून दाबलं गेलं तर पंधरा पटीचा फरक. रोज चालू केल्यावर आधी चेक वेट (नेमकं माहीत असलेलं वजन) ठेवून बघायचं, आम्ही दुकानात तेच करतो.

ह्यूस्टनची_नाशिककर
@सराफबाजार कमाल!! चेक वेटचं लिहायचं राहिलंच होतं.

नाशिकरोड_वकील
कायद्याचं एक. तिकडे स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्राचं लायसन्स लागत नाही, पण हे वाचून इथे कुणी हौस करू नका. आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चं कलम ५ काडतुसं बनवण्यालाही लागू आहे, नुसतं बंदुकीचं लायसन्स असून भागत नाही. आणि काका, परत येताना पोराने आठवण म्हणून पुंगळी दिली तरी बॅगेत टाकू नका, रिकामी असली तरी, एअरपोर्टवर तास न् तास उभे राहाल.

सातपूरकर_टूलरूम
सगळ्यांचे आभार. काल रात्री फोन केला, गोळ्या हॉर्नडीच्या निघाल्या, दोन्ही पुस्तकं त्याच्याच पत्त्यावर ऑर्डर केलीत, इथून वजन नको. लांबीचं सांगितलं तर गप्प झाला, म्हणे बाबा, मी अंदाजानेच बसवत होतो. पन्नास भरलेत, ते मी जाईपर्यंत डब्यात राहतील. माझा जुना मितुतोयो कॅलिपर घेऊन चाललोय. हिला अजून काही सांगितलेलं नाही.