क्वालिटीवाल्याने लिंक्डइनवर लिहायचं तरी काय?

चाकण_क्यूए: नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या व्हेंडरकडे क्वालिटीला आहे, लाइन इन्स्पेक्शन बघतो आणि सीएमएम (पार्टची मापं अचूक घेणारं मशीन) पण चालवतो. कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपतंय, पुढे वाढवणार नाही असं एचआरनी सांगितलंय. ज्याला विचारावं तो म्हणतो पर्सनल ब्रँड तयार कर, रोज पोस्ट टाक. पण आयटीवाल्यांसारखं गिटहबवर दाखवायला माझ्याकडे काही नाही, प्रेरणादायी गोष्टी लिहिणं आपल्याला जमत नाही आणि इंग्लिश लिहिताना अडतं. एक जण पंधरा हजारात ब्रँडिंगचा कोर्स देतोय, करू का? आणि प्रोफाइल फोटोवर ते नोकरी शोधतोय असं सांगणारं हिरवं ओपन टू वर्क लावलं तर कंपनीत कळेल ना?

भोसरी_गेज: कोर्स अजिबात करू नकोस, ते पैसे मार्चनंतर लागतील. तुझ्या लाइनमध्ये माणूस घेतो कोण, तर प्लांटचा क्वालिटी हेड, आणि त्याला तुझे विचार नको असतात, काम कळतं का एवढंच बघायचं असतं. मी इंटरव्ह्यू घेतो तेव्हा गेज आर अँड आर विचारतोच, म्हणजे मापांत दिसणाऱ्या फरकातला किती टक्के फरक गेज आणि मोजणाऱ्यामुळेच येतो ते. १० टक्क्यांच्या खाली चांगलं, १० ते ३० कारण देऊन चालवता येतं, ३० च्या वर नापास, हे सगळ्यांचं पाठ असतं. पण ३४ आलं तर पुढे काय केलंस? पार्ट धरून ठेवणारं फिक्स्चर हलत होतं का, दोन ऑपरेटर पार्ट वेगवेगळा धरत होते का, की दहाही पार्ट एकाच लॉटमधून उचलल्यामुळे त्यांच्यात फरकच नव्हता आणि म्हणून टक्का फुगला? हे कोणी साध्या भाषेत सात-आठ ओळीत लिहिलेलं दिसलं तर मी स्वतः मेसेज टाकतो. रोज कशाला, पंधरा दिवसांनी एक टाक पण अशी टाक.

रिक्रूटर_ताई: वरच्या दादांना अनुमोदन, पण पोस्टच्या आधी हेडलाइन नीट कर रे. २२० अक्षरं मिळतात आणि लोक तिथे "नवीन संधीच्या शोधात" लिहून ठेवतात, आम्ही तसं काही सर्च करत नाही. आम्ही टाकतो सीएमएम, पीपॅप (कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची प्रक्रिया), ८डी (तक्रारीचं मूळ कारण शोधायची आठ टप्प्यांची पद्धत), आयएटीएफ १६९४९ (ऑटो उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड), चाकण. जे खरंच येतं तेच लिही, कारण पहिला प्रश्न त्यावरच येणार. ओपन टू वर्कमध्ये फक्त रिक्रूटर्सना दिसेल असा ऑप्शन आहे, तुझ्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण खात्री ते स्वतःच देत नाहीत. तुझं तर एचआरलाच माहितीये, मग सरळ सगळ्यांना दिसेल असं लाव. नोकरी डॉट कॉमवरचा बायोडेटा आणि इथल्या तारखा मात्र जुळल्या पाहिजेत, तिथे फरक दिसला की शंका येते.

रांजणगाव_लाइन३: एक महत्त्वाचं. कस्टमरचं ड्रॉइंग, पार्ट नंबर, रिजेक्शनचे आकडे, शॉपफ्लोरचा फोटो, यातलं काहीही टाकायचं नाही, पार्टचा कोपरा दिसला तरी ओळखणारे ओळखतात आणि असा माणूस कोणी घेत नाही. माप आपल्या मनाचं घ्यायचं, २५ एमएमचा शाफ्ट म्हण आणि हातानं स्केच काढ. इंग्लिशचं म्हणशील तर आधी मराठीत लिही मग छोट्या वाक्यांत इंग्लिश कर, आमच्यात सगळे तसंच करतात. आणि खरं सांगू का, आपल्या भागात नोकरी अजूनही ओळखीनंच लागते, पण आता ओळखीचा माणूस व्हॉट्सॲपवर तुझी लिंकच पुढे पाठवतो, ती उघडल्यावर आत काम दिसलं पाहिजे, म्हणून हे सगळं करायचं.

चाकण_क्यूए: कोर्सवाल्याला 'नको' म्हणून कळवून टाकलं. हेडलाइन बदलली, ८डी काढलं, कारण मी फक्त टीममध्ये बसायचो, रिपोर्ट सिनियर भरायचे. पहिली पोस्ट ड्रिल होलच्या बरवर (भोकाच्या कडेला राहिलेल्या धातूच्या धारेवर) लिहितोय, प्लग गेज (भोकाचं माप तपासायचा दांडा) जात होता पण असेंब्लीत पिन अडकायची, ते कसं सापडलं ते. भोसरी दादा, कच्चं लिहून इथे टाकलं तर बघाल का?

भोसरी_गेज: टाक. बर कुठल्या बाजूला होता, एंट्रीला की एक्झिटला, ते पहिल्या दोन ओळीतच येऊ दे.