मदत हवी आहे: भाच्यासाठी व्यसनमुक्ती केंद्र (तातडीने)

गोदाकाठ
बहिणीचा मुलगा गोळ्या खातो हे परवा कळलं. घरात रडारड चालू आहे. चांगलं केंद्र सुचवा, पैशांचं बघता येईल. मोबाईल काढून घेतात आणि बाहेर सोडत नाहीत असं हवं. आज ठरवायचं आहे. 'मुलाशी बोला, त्याला समजून घ्या' वगैरे नको, ते करून झालं.

निवांत
मुक्तांगण, पुणे. डोळे झाकून. पाच आठवड्यांचा मुक्काम असतो. आमचे साडू दारूसाठी राहून आले, अजून फॉलोअपला जातात.

सारिका_म
वय काय? गोळ्या कसल्या? गाव कुठलं? किती दिवसांपासून चालू आहे?

गोदाकाठ
कॉलेजला आहे. गोळ्या म्हणजे त्या बटन. संभाजीनगर. केंद्राचं नाव विचारलंय, चौकशी कशाला?

सारिका_म
कॉलेजला अकरावीतलाही असतो आणि एमएचाही. अठराच्या आत की बाहेर यावर पुढचं सगळं ठरतं. आणि 'बटन' नावाखाली काहीही विकतात. रिकामी स्ट्रिप असेल तर मागचं बारीक अक्षर वाचून इथे लिहा.

सदाशिवपेठी
मुक्तांगण १९८६ सालचं. अनिता आणि अनिल अवचट या जोडप्याने उभं केलं, पुलं आणि सुनीताबाईंनी मोठा आर्थिक हात दिला. अशी माणसं आता कुठे! येरवड्याला जायचं तर सकाळी लवकर निघा, नंतर पुलावर अडकाल.

फटकळ
इतिहास पुरे. आमच्या तालुक्यात एक केंद्र आहे, फोन केला की गाडी येते, चार जण उचलून नेतात. पोरगं तीन महिन्यांत सरळ. व्यनि (खाजगी निरोप) करा.

काळा_कोट
असला सल्ला देऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. अठराच्या आतल्या मुलाला दाखल करायचं तर कलम ८७: पालकांचा अर्ज, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळी तपासणी, आणि दाखल असेपर्यंत घरचं माणूस सोबत राहिलंच पाहिजे. सज्ञान असेल तर त्याच्या मर्जीविरुद्ध कलम ८९ च्या अटी बसल्या तरच, तेही सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. 'उचलून नेणं' यात कुठेच बसत नाही.

फटकळ
बसा कलमं वाचत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

सारिका_म
मी मनोविकार वॉर्डात नर्स आहे. तुमच्या त्या 'सरळ' झालेल्या मुलांपैकी काही नंतर आमच्याकडे येतात, अंगावर वळ घेऊन.

आनंदयात्री_नाशिक
इगतपुरीला विपश्यनेला पाठवा. दहा दिवस मौन. स्वानुभव आहे.

गोदाकाठ
सतरा पूर्ण. स्ट्रिपवर नायट्राझेपाम १० लिहिलंय. रोज सात-आठ घेत होता म्हणे, वर्षभर. भावजींनी काल सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या, खोलीला बाहेरून कडी घातली आहे. आणि पोलिसांत नाव जाईल का?

सारिका_म
कडी आत्ता काढा. केंद्राचं नंतर बघू. ही झोपेची गोळी आहे, वर्षभर खाल्लेली एकदम बंद केली की फिट येऊ शकते. ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनीही येते, म्हणून आज बरा दिसतोय यावर जाऊ नका. डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात, तेही नजरेखाली. थरथर, घाम, झोप कशी आहे?

काळा_कोट
पोलिसांचं: स्वतःहून उपचाराला गेलेल्या व्यसनी माणसाला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४अ मध्ये खटल्यापासून संरक्षण आहे. ते विकणाऱ्याला नाही, सेवन किंवा अल्प प्रमाण एवढ्यापुरतंच. पण त्या विचाराने दवाखाना टाळू नका.

पाटील_काका
तंबाखूसाठी ओवा आणि बडीशेप भाजून खिशात ठेवावी. तल्लफ आली की चिमूटभर. माझी सुटली.

आनंदयात्री_नाशिक
सारिकाताई, औषधावर औषधच का? मनाचं काय?

सारिका_म
फिट येत असताना मौन पाळता येत नाही दादा.

गोदाकाठ
हात थरथरतायत, रात्रभर झोपला नाही. माझी ताई म्हणते घाटीत (इथलं सरकारी रुग्णालय) नातेवाईक भेटतील, खाजगीत नेऊ.

सारिका_म
खाजगी चालेल, फक्त रात्री डॉक्टर हजर असतात असं मोठं हॉस्पिटल बघा. नाहीतर घाटीची कॅज्युअल्टी, तिथे मनोविकार विभाग आहे. स्ट्रिप सोबत न्या. मेडिकलमधून आणून अंदाजाने गोळी देऊ नका. आणि दारूही पितो का, हे डॉक्टरांना त्याला एकट्याला विचारू द्या, आईसमोर खरं सांगणार नाही.

काळा_कोट
व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत. हे वाटेतही करता येतं.

निवांत
मुक्तांगणला फोन करताना १७ वय आधी सांगा. माझा अनुभव मोठ्यांचा होता.

गोदाकाठ
गाडी काढतोय. स्ट्रिप कुठे गेली कळत नाही, मोबाईलमध्ये फोटो आहे.

सारिका_म
फोटो चालेल. निघा.

फटकळ
पण हे विकलं कुणी? या गोळ्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, मेडिकलवाल्याला रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते. त्या दुकानाला कुलूप लावायला कोण जातंय?

काळा_कोट
अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. मुलाला नशेचं काही देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. फटकळसाहेब, या कलमाला तरी हरकत नसावी.

फटकळ
याला नाही.